'पन्नास विभाग, शून्य संशोधन': त्या पोस्टला उत्तर

कडूनिंब

गेले दोन दिवस एक पोस्ट फिरतेय. आधी सोसायटीच्या ग्रुपवर आली, मग शाळेच्या, आणि काल सख्ख्या मेव्हण्याने 'विचार करण्यासारखं आहे' असं वर लिहून पाठवली. तिथे माझा पारा चढला. ज्यांच्यापर्यंत पोचली नसेल त्यांच्यासाठी सार: पुणे विद्यापीठ एनआयआरएफच्या (केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या) विद्यापीठांच्या यादीत २०२४ ला २३ व्या क्रमांकावर होतं, २०२५ ला ५६ वर घसरलं. कारण म्हणे पसारा. एकाच आवारात पाली, नाटक, रशियन, मानवशास्त्र, भूगोल, संरक्षणशास्त्र, सगळंच मांडून ठेवलंय आणि धड एकही नाही. तेव्हा दहा विषय ठेवा, बाकीच्यांना टाळं लावा आणि पैसा एआय-सेमीकंडक्टरकडे वळवा.

घसरण खरी. निदान साफ चूक. विद्यार्थ्यांच्या मानाने कायम शिक्षक किती, याला त्या क्रमवारीत थेट गुण आहेत. माणसं निवृत्त होत गेली, जागा भरल्या नाहीत, गुण गेले. यात पाली विभागाने कोणाचं काय घोडं मारलं? भाषेच्या विभागाला लागतं काय? चार माणसं, पुस्तकं आणि पावसात न गळणारी एक खोली. तो बंद करून वाचलेल्या पैशात सेमीकंडक्टरच्या प्रयोगशाळेचं वीजबिलसुद्धा भागणार नाही.

आणि पसारा म्हणजे नक्की काय? दामोदर कोसंबी मूळचे गोव्याचे, पेशाने गणिताचे. या माणसाने तक्षशिलेची आहत, म्हणजे ठसे मारलेली जुनी नाणी हजारोंनी तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, म्हणजे जास्त फिरलेली नाणी सरासरीने हलकी आणि त्यांच्या वजनांत फरकही जास्त. एवढ्यावरून त्यांनी नाण्यांचा काळानुक्रम लावायची रीत बसवली. हाच माणूस भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक (हस्तलिखितं ताडून ठरवलेली) आवृत्ती काढतो, आणि १९४४ ला जनुकांमधलं अंतर मोजण्याचं सूत्र छापतो. पिकांचे जनुकीय नकाशे करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आजही 'कोसंबी' असा पर्याय असतो, कोणाही वनस्पतीशास्त्रवाल्याला विचारा. यातले कुठले दोन विषय बंद करायचे ते पोस्टकर्त्याने सांगावं.

दुसरं उदाहरण इनामगाव. घोडनदीकाठचं गाव, शिरूर तालुका. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे खोदलं. जळके दाणे ओळखायला वनस्पतीवाले, हाडं ओळखायला प्राणीवाले, मातीला रसायनवाले. सगळे एकत्र बसले म्हणून कळलं की इ.स.पू. १००० च्या सुमारास पाऊस हटला, शेती बसली आणि तीनेकशे वर्षांत वस्ती उठली. दुष्काळी पट्ट्यातल्या लोकांना हे संशोधन निरुपयोगी वाटत असेल तर मी हात जोडतो.

---

अडाणी अभियंता | असहमत

लेख छान, टाळ्या. पण कोसंबींचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतं. ते पुणे विद्यापीठाच्या कुठल्याही विभागात नव्हते. पुण्यात फर्ग्युसन, मग मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, आणि तिथेही १९६२ ला त्यांचा करार वाढवला नाही. म्हणजे व्यासंग त्या माणसाच्या डोक्यात होता, पन्नास पाट्यांमध्ये नव्हता.

मी पीएच.डी. केली एका विद्यापीठात, नाव जाऊ द्या. आमचा विभाग भौतिकशास्त्राचा, मला लागणारं यंत्र रसायनशास्त्रात. मध्ये एक रस्ता आणि एक चहाची टपरी. ते यंत्र वापरायला दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्या, कुलसचिवांकडे प्रत, आणि वर ऐकवायचे 'आमच्या मुलांचं झालं की बघू'. शेवटी मी नमुने कुरिअरने चेन्नईला पाठवले, पैसे भरून मोजून घेतले. ही तुमची विषयांची विविधता! शेजारी राहतात म्हणून बोलतात असं नसतं.

दहा विभाग, प्रत्येकात तीस माणसं, हे पन्नास विभाग, प्रत्येकात तीन माणसं याच्यापेक्षा केव्हाही बरं.

---

कडूनिंब | @अडाणी अभियंता

कोसंबींना संस्थेने सांभाळलं नाही हा माझ्या विरुद्धचा मुद्दा कसा होतो, हे अभियांत्रिकीत शिकवत असावेत. आम्ही आपले साधे बी.ए.

यंत्राची गोष्ट खरी असणार, मी अशा चार ऐकल्यात. पण त्यावर उपाय रस्त्यापलीकडचा विभाग बंद करणं हा असेल तर मग यंत्रच राहिलं नाही की हो.

---

तासिकावाली

'प्रत्येकात तीन माणसं' वाचून हसू आलं. कुठे असतात ती तीन? मला पत्ता द्या.

मी सामाजिक शास्त्रातली, नेट, पीएच.डी., दोन्ही आहे. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, आठवड्यातून दोनदा तिसऱ्या. तासाला पैसे, ते पण सहा महिन्यांनी एकदम. सुट्टीचे शून्य, पेपर तपासायला मात्र 'मॅडम तुम्ही आहातच'. संशोधन कधी करू? शिवनेरीत बसून? (शिवनेरी परवडत नाही, लाल डब्यात.)

माझ्या विभागप्रमुखांनी प्रस्ताव लिहून घेतला माझ्याकडून, 'आंतरविद्याशाखीय' शब्द पानागणिक घालायला सांगितला, मंजूर झाल्यावर माझं नाव 'प्रकल्प सहायक' म्हणून तळाला. इथे लोक विषय किती असावेत यावर भांडतायत. आधी माणसं किती ते बघा.

आणि २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात सारथी या सरकारी संस्थेच्या फेलोशिपवरून 'पीएच.डी. करून काय दिवे लावणार' हे विधान परिषदेत ऐकवलं गेलंच आहे. ती पोस्ट त्याच सुरातली.

---

राहुरीकर | मूळ प्रश्नच उलटा आहे

पसारा जास्त? पुणे विद्यापीठात शेती आहे का? नाही. पशुवैद्यक? नाही. वैद्यकीय कॉलेजं होती, ती १९९८ ला नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे गेली. महाराष्ट्राने एकेक विषय कापून त्याचं वेगळं विद्यापीठ करायचा सपाटा लावलाय. शेतीची चार: राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. तंत्रशास्त्राचं लोणेरे १९८९. संस्कृतचं रामटेक १९९७. जनावरांचं नागपूर २०००. आता मराठीचं रिद्धपूरला. तिकडे २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की २०४० पर्यंत सगळ्या संस्था बहुविद्याशाखीय व्हाव्यात. एका हाताने धोरण, दुसऱ्या हाताने कात्री.

मी मृदाशास्त्रात काम केलं. शेतात युरिया पडतो, तो विहिरीत उतरतो, तेच पाणी गावची पोरं पितात. प्रश्न एकच. पण माती माझ्याकडे, विहीर भूजलवाल्यांकडे, पोरांचं रक्त नाशिकच्या अखत्यारीत आणि म्हशीचं दूध नागपूरच्या. प्रत्येकाची नैतिकता समिती वेगळी, प्रत्येकाचा कुलगुरू वेगळा. दोन वर्षं पत्रव्यवहार करून मी नुसत्या मातीवर प्रबंध लिहिला आणि मोकळा झालो. मातीला कोणाची परवानगी लागत नाही.

तेव्हा पोस्टवाल्याला सांगा, कमी विषयांची विद्यापीठं पाहिजेत तर आमच्याकडे रगड आहेत. चमत्कार झालेत का तिथे, विचारा.

---

गणेशखिंडकर

राहुरीकरांशी सहमत, एक भर घालतो. आवारात पाहुणे आले की आयुका ही खगोलशास्त्राची संस्था दाखवायची, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्यांचं कौतुक करायचं आणि म्हणायचं 'आमचं विद्यापीठ'. आयुका १९८८ पासून स्वायत्त, ती दुर्बीण चालवणारी एनसीआरए टाटा संस्थेची, पेशीविज्ञानाचं केंद्र दिल्लीच्या खात्याचं. स्वातंत्र्यानंतर चांगलं संशोधन विद्यापीठाबाहेरच्या प्रयोगशाळांत न्यायचं आणि विद्यापीठाने परीक्षा घ्यायच्या, अशी वाटणी झाली. जागा आपली, पाटी त्यांची. पुणे, नगर, नाशिक, तीन जिल्ह्यांच्या कॉलेजांच्या परीक्षा सांभाळताना कुलगुरूंचा निम्मा दिवस पुनर्मूल्यांकनात जातो. माझ्या पुतण्याचा सत्राचा निकाल...

असो, तो विषय काढला की बायको म्हणते रक्तदाब तपास.

---

पैसा वसूल | डेक्कन कॉलेजचं नाव निघालंच आहे म्हणून

इनामगाव वगैरे ठीक. त्याच डेक्कन कॉलेजात संस्कृतचा एक महाकोश चाललाय. १९४८ ला सुरू. पहिला खंड १९७६. आज कुठे पोचलेत? 'अ' वर! माझ्या आजोबांच्या लग्नाआधी सुरू झालेला प्रकल्प माझ्या नातवाच्या मुंजीपर्यंत 'आ' ला येणार नाही. मी कर भरतो. मला विचारायचा हक्क आहे की नाही?

---

निंबोणी | @पैसा वसूल

जरूर विचारा, पण उत्तर ऐकायची तयारी ठेवून. आधी सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द उचलले, ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंत. त्याच्या चिठ्ठ्या झाल्या कोटीच्या घरात. हाताने लिहिलेल्या. तोवर १९७३ उजाडलं. मग संपादन. प्रत्येक शब्दाचा प्रत्येक अर्थ, तो पहिल्यांदा कुठे आला, पुढे कसा बदलला. आणि संस्कृतमध्ये 'अ' हे नकाराचंही अक्षर, त्यामुळे हा भाग सगळ्यात फुगलेला.

अक्कडी या प्राचीन इराकमधल्या भाषेचा शिकागोचा कोश १९२१ ला सुरू झाला, २०११ ला संपला. म्युनिकला लॅटिनचा १८९४ पासून चालू आहे, अजून पुरा नाही. ऑक्सफर्डचा इंग्रजी १८५७ ला ठरला, १९२८ ला शेवटचा भाग आला. तिथल्या करदात्यांनी 'अजून ए वरच का' म्हणून मोर्चा काढला नाही.

---

पैसा वसूल

शिकागोचा संपला ना? ऑक्सफर्डचा संपला ना? तेच तर म्हणतोय. नव्वद वर्षांत संपला. आपले पाऊणशे वर्षांत पहिल्या अक्षरावर. त्रैराशिक मांडता येतं मला.

---

निंबोणी

त्रैराशिक मांडताना माणसंही मांडा. संपादकांच्या जागा मंजूर किती, भरलेल्या किती, हे एकदा माहितीच्या अधिकारात विचारून या, मग बोलू. मी तिथे उमेदवारी केली आहे, पगार किती होता ते सांगितलं तर तुमच्या ड्रायव्हरला वाईट वाटेल. एका शब्दावर आठवडा घालवलाय मी. तुम्ही आयुष्यात कुठल्याही एका गोष्टीवर आठवडाभर विचार केलाय का?

---

पैसा वसूल

वैयक्तिक येताय. माझ्याकडे ड्रायव्हर नाही. मी स्वतः रिक्षाचे हप्ते फेडत एम.कॉम. केलंय.

---

अडाणी अभियंता

एक बारीक शंका: डेक्कन कॉलेज स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे. धागा पुणे विद्यापीठाचा होता. कोणाला पडलंय म्हणा.

---

भीमाकाठ | @निंबोणी आणि इतर संस्कृतप्रेमी

कोशाला पैसा मिळू दे, आनंद आहे. पण मूळ पोस्टमध्ये टाळं लावायच्या यादीत पहिलं नाव पालीचं होतं, संस्कृतचं नव्हतं. हे कोणाच्या नजरेला खुपलं नाही? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीसोबत पाली आणि प्राकृतलाही अभिजात दर्जा मिळाला. पेढे फक्त मराठीचे वाटले गेले.

कोसंबींचं कौतुक चाललंय तर त्यांच्या वडिलांचंही नाव घ्या. धर्मानंद कोसंबी पाली शिकण्यासाठी घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश फिरले, आणि मग फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलं. मुलाला ती दृष्टी कुठून आली असेल?

माझ्या पाली एम.ए.च्या वर्गात निवृत्त पोस्टमास्तर होते, एक नर्स होती, दोन भंतेजी, आणि बुलढाण्याहून रात्रीच्या गाडीने येणारा एक मुलगा. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं असे निम्मे. क्रमवारीत याला गुण नाहीत.

---

पैसा वसूल

म्हणजे आता शब्दकोशावर प्रश्न विचारला तर मी जातीयवादी?

---

भीमाकाठ

तुम्हाला कोण बोललं? मी पोस्टबद्दल बोललो. टोपी बसली असेल तर माझा नाइलाज.

---

निंबोणी

भीमाकाठ, पालीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण 'संस्कृतप्रेमी' हा टोमणा कशासाठी? आमच्या कोशात बौद्ध आणि जैन ग्रंथांतले शब्दही घेतलेत. भांडारकर संस्थेची महाभारताची आवृत्ती १९१९ ते १९६६ चालली, सत्तेचाळीस वर्षं. तेव्हाही लोक म्हणत असतील 'अजून आदिपर्वच का'. आज त्या भाषेचं काम करणारा कुठल्याही देशातला, कुठल्याही धर्माचा अभ्यासक तीच प्रत उघडतो. पाली विरुद्ध संस्कृत असं लावून दिलं की दोघांचंही अनुदान कापणाऱ्याचं काम सोपं होतं.

---

संपादक

इथे आलेले तीन प्रतिसाद उडवले आहेत. एकमेकांची आडनावं शोधून इथे लिहू नका. राखीगढीच्या हडप्पाकालीन सांगाड्याचा डीएनए काढू नका, त्याचा धागा वेगळा आहे आणि तोही बंद केला आहे.

---

शिरूरची सून

मला क्रमवारी कळत नाही, पण इनामगाव आमच्याकडचं. सासरे तेव्हा तरणे होते, खोदाईवर रोजाने जायचे. ते सांगायचे, साहेब लोक राखुंडी पाण्यात घालून वर तरंगणारे जळके दाणे गाळून घ्यायचे, एकेक दाणा डबीत. गडी माणसं हसायची, म्हणायची पोत्याने जवारी आहे घरात, ती न्या की. नंतर एका साहेबांनी सासऱ्यांना जमिनीतला जुना पाट दाखवला, नदीचं पाणी वळवायला केलेला, तीन हजार वर्षांपूर्वीचा. त्या दिवसापासून सासरे हसायचे बंद झाले. मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगायचे, आमच्या गावाने आधी कालवा काढला, सरकारने मागून.

पण एक विचारते. एवढं मोठं काम झालं, त्याचे ते जाडजूड इंग्रजी ग्रंथ. आमच्या शाळेच्या कपाटात त्यातलं मराठीत चार पानं तरी आहेत का? माझ्या मुलीला प्रकल्प होता, मी शोधलं. सासऱ्यांच्या गोष्टीवरच प्रकल्प लिहिला शेवटी.

---

प्रा. नाव नको

सगळे जण संशोधन चांगलं की वाईट यावर बोलतायत. छापतात कुठे, ते मी सांगतो. पदोन्नतीला गुण पाहिजेत, गुणांना पेपर पाहिजेत. व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो, '२४ तासांत प्रसिद्धी, प्रमाणपत्र मोफत'. नियतकालिकाच्या नावात इंटरनॅशनल आणि मल्टिडिसिप्लिनरी हे शब्द हटकून. माझ्या एका सहकाऱ्याचा पेपर दलित आत्मकथनांवर, त्याच अंकात पुढचा निबंध शेळीच्या आतड्यातल्या जंतांवर, त्याच्यापुढे जीएसटी. आपल्याकडे खरी बहुविद्याशाखीयता कुठे नांदत असेल तर ती या अंकांत.

२०१८ ला 'करंट सायन्स' या नियतकालिकात पुण्याच्याच मंडळींनी यूजीसीच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं तपासली, तर ८८ टक्के सुमार निघाली. मग यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी आली, तिचं कामही पुणे विद्यापीठातूनच चालायचं. फेब्रुवारी २०२५ ला यूजीसीने तीही बंद केली. आता ज्याने त्याने आपलं ठरवायचं. चोराला विचारायचं कुलूप कुठलं घेऊ.

---

अडाणी अभियंता

प्राध्यापकांच्या प्रतिसादाने माझंच म्हणणं सिद्ध झालं. विभाग वाढले की असेच पेपर वाढतात.

---

प्रा. नाव नको

माझा सहकारी मोठ्या विभागातला आहे. लहान विभागात गुण मोजायला माणूसच नसतो.

---

अडाणी अभियंता | बरं बाबांनो

ठीक. टाळं लावू नका. पालीला नाही, नाटकाला नाही, रशियनला तर नाहीच, उद्या तेल त्यांच्याकडूनच घ्यायचंय. शिरूरच्या ताईंच्या सासऱ्यांपुढे माझं काही चालणार नाही. पण मग जोडा तरी. पाली, संस्कृत, मराठी, परकीय भाषा, मिळून एक भाषा-संकुल. एक कार्यालय, एक ग्रंथालय, मुलांनी कुठलाही तास कुठेही बसून करावा. रसायन आणि भौतिकची यंत्रं एका इमारतीत, वेळापत्रक ऑनलाइन, सह्या बंद. यात कोणाला काय आक्षेप आहे?

---

कडूनिंब

यंत्रांना अजिबात नाही, उद्या करा. भाषा-संकुलाला आक्षेप असा की सरकारी भाषेत जोडणं म्हणजे चार विभागप्रमुखांचा एक, आणि उरलेल्या जागा 'कार्यभार नाही' म्हणून कायमच्या रद्द. संकुलाचं उद्घाटन होईल, कोनशिला बसेल, आणि पुढच्या निवृत्तीनंतर पाली शिकवायला संस्कृतवाले, संस्कृत शिकवायला तासिकावाल्या मॅडम. तुमचा हेतू चांगला असेल हो. फाइल तुम्ही लिहिणार नाही, हा प्रश्न आहे.

---

तासिकावाली

मला संस्कृत येत नाही, पण तासाचे पैसे दर महिन्याला देणार असाल तर शिकते.

---

राहुरीकर

जोडायचंच तर आधी शेती आणि आरोग्य जोडा. विहिरीचं पाणी अजून तसंच आहे.

---

पैसा वसूल

माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. मंजूर जागा, भरलेल्या जागा, वर्षवार खर्च, खंडवार पानं. निंबोणीताई, उत्तर आलं की इथेच चिकटवतो. तुमच्या बाजूचं निघालं तरी.

---

निंबोणी

चिकटवा. आणि अर्जात 'संपादक' आणि 'संपादन सहायक' वेगवेगळे विचारलेत ना? नाहीतर आकडे एकत्र करून देतील आणि तुम्ही पुन्हा त्रैराशिक मांडाल.